अवघड बाळंतपणानंतर मनाने कशा सावरलात?

रानजाई
एकतिसाव्या आठवड्यात मला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार, झाला. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन, डोळ्यांपुढे चमचमणारे ठिपके. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं, मला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, आणि मग तातडीचं सिझर. मुलगी सव्वा किलोची. ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, मी वरच्या मजल्यावर आयसीयूत. तिला पहिल्यांदा पाहिलं ते नवऱ्याच्या मोबाइलवर.

आता ती दीड वर्षाची आहे. घरभर पळते, डब्यांची झाकणं लपवून ठेवते. माझं बीपीही जागेवर आलंय. भेटेल तो म्हणतो, "बाळ-बाळंतीण सुखरूप, आणखी काय पाहिजे?" ते खरंच आहे. पण अजूनही मॉनिटरसारखी बीप कुठेही वाजली, अगदी बँकेतल्या टोकनची, की माझे तळहात घामेजतात. नणंदेच्या डोहाळजेवणाला ओटीचं सामान भरून तयार होते, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडेना.

ज्यांनी असं काही सोसलंय त्यांना विचारते. मनाने कशा सावरलात? नेमका कशाने फरक पडला? "पॉझिटिव्ह राहा" सोडून काहीही सांगा. आणि दुसरं, काही जणी लवकर उभ्या राहतात, काहींना वर्षं लागतात. हे ज्याच्या-त्याच्या स्वभावावर असतं का? मला तसं वाटत नाही, पण घरात सगळ्यांना तसंच वाटतं.

शेवंता
लिहिलंस ते फार बरं झालं. माझी गोष्ट मोठी आहे, पोरगं झोपलं की रात्री लिहिते.

नागपूरची काकू
राग मानू नको बेटा, पण वेगळं सांगते. माझ्या दुसऱ्या वेळी बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. चार बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरांनी घरच्यांना आशा सोडायला सांगितली होती. घरी आले, सव्वा महिना झाला आणि कामाला लागले. मनाकडे पाहायला फुरसतच नव्हती. काम असलं की मन आपोआप थाऱ्यावर येतं, असा माझा अनुभव आहे. जितकं उकरत बसाल तितकं दुखेल.

इंद्रायणीकाठ
काकू, माझी आजीही असंच म्हणते. तिची दोन बाळं जन्मतःच गेली. तो विषय निघाला की ती अजूनही उठून स्वयंपाकघरात जाते आणि धुतलेलीच भांडी पुन्हा विसळते. फुरसत नव्हती म्हणून दुःखही नव्हतं, असं मला नाही वाटत. तेव्हा तिला विचारणारंच कोणी नव्हतं.

कोकमसरबत
इंद्रायणीकाठ +१

औदुंबर
मी मानसोपचार विभागात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू फुटणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, कशात जीव रमेना, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, तर ते नैराश्य असू शकतं. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला होता. त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं.

रानजाई सांगतायत ते याहून निराळं दिसतं. आवाज ऐकताच शरीराने तो प्रसंग पुन्हा जगणं, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणं ही आघाताची लक्षणं आहेत. एरवीच्या बाळंतिणींमध्ये आघातोत्तर ताणाचा आजार शंभरात साधारण चौघींना होतो. गुंतागुंत झालेल्या आणि तशाच जोखमीच्या गटांत हाच आकडा अठरा-एकोणीसपर्यंत जातो. निदान समोर बसूनच करावं लागतं, पण यावर चांगले उपचार आहेत. आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा समुपदेशनाचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींवर काम करणारा उपचार) ही त्यातली दोन मुख्य. दीड वर्ष झालं म्हणून वेळ गेली असं अजिबात नाही.

स्वभावाबद्दल: आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर धोका वाढतो, हे मान्य. पण सावरणाऱ्या बायकांच्या आसपास काय होतं ते पाहिलं की बऱ्याच गोष्टी बाईच्या हाताबाहेरच्या निघतात. काय चाललंय ते तिला त्या वेळी कोणी सांगितलं का, बाळाला हात लावू दिला का, घरी सलग झोप मिळाली का, नवरा ऐकून घेतो का, पैशाची ओढाताण किती. यातलं काहीही न मिळालेल्या बाईला "खंबीर हो" म्हणणं हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एडिनबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांचा एक साधा फॉर्म आहे. १९८७ पासून जगभर वापरतात, गेल्या सात दिवसांबद्दल विचारतात. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर "कधीच नाही" सोडून काहीही असेल तर बाकीच्या बेरजेकडे न पाहता त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात.

म्हापश्याची
औदुंबर यांनी पैशाच्या ओढाताणीचं लिहिलंय, त्यावरून आमच्या गोव्याचं सांगते. म्हापशाच्या सरकारी हॉस्पिटलात आलेल्या गरोदर बायकांवर मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या आणि त्यांतल्या बहुतेक जणींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही कारणं ठळक निघाली. आता यात स्वभाव कुठे आला सांगा.

पुढे इथेच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या बायकांना शिकवून त्यांना गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या घरी पाठवायचा उपक्रम झाला. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, शेजारचीच बाई. येणार, बसणार, जेवलीस का विचारणार, बाळाला घेऊन खेळवणार आणि तिच्या मनात घोळणाऱ्या विचारांवर तिच्याशी बोलणार. आमच्या ओळखीत एकीकडे अशी बाई यायची. सासूला सुरुवातीला आवडलं नव्हतं. मग सासूच दारात वाट बघायला लागली, कारण तिलाही बोलायला कोणी नव्हतं.

अबोल
पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? आमचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यातलं. बायको आयसीयूत, बाळ दुसऱ्याच हॉस्पिटलात, कारण जिथे प्रसूती झाली तिथे व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. मी दोन्हीकडे ये-जा करायचो. ती शुद्धीत आली की पहिला प्रश्न बाळाचा असणार आणि मला नीट सांगता येणार नाही, म्हणून शंभर पानी वही घेतली. आज वजन ११८० ग्रॅम. नळीने ३ मिली दूध. सिस्टर म्हणाल्या, हात लावल्यावर बोट धरलं. असं रोजचं. तिच्या बाजूचंही लिहीत गेलो: रक्ताचे रिपोर्ट, कोणते डॉक्टर आले, ती अर्धवट शुद्धीत काय बोलली.

तिला त्या दिवसांचं काहीच आठवत नव्हतं आणि त्याचाच त्रास जास्त होता. "माझं बाळ जन्मलं आणि मी तिथे नव्हतेच," असं सारखं म्हणायची. मग आम्ही रात्री ती वही वाचायला लागलो, एका वेळी एकच पान. ती मध्येच थांबवून विचारायची, तेव्हा मी कुठे होते? माझ्या अंगावर काय होतं? बाळाला टोपी कोणत्या रंगाची? माहिती असेल ते मी समासात लिहायचो. वहीचे समास आता भरून गेलेत.

रानजाई
अबोल, टोपीचा रंग वाचून डोळे भरून आले. मलाही हेच जाणून घ्यायचं असतं आणि विचारायला लाज वाटते, कारण मोठी गोष्ट तर निभावली, आता टोपीचं काय घेऊन बसलीस असं म्हणतात.

औदुंबर
अबोल, तुम्ही आपल्या मनाने केलंत ते युरोपातल्या काही आयसीयूंत मुद्दाम करतात. नर्स आणि नातेवाईक रुग्णासाठी डायरी लिहितात. गुंगीत गेलेल्या काळाच्या जागी मन भलतीच भयंकर चित्रं रचतं. खरी हकिगत कळली की त्यांचा जोर कमी होतो.

लीड्सवासी
इथे इंग्लंडमध्ये माझं दुसरं बाळंतपण वार खाली असल्याने रक्तस्रावात गेलं. काही महिन्यांनी हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळ-बाळंतिणीची घरी येऊन चौकशी करणाऱ्या नर्सने, तोच एडिनबराचा फॉर्म भरून घेतला आणि सुचवलं, हॉस्पिटलला कळव, एखादी मिडवाइफ तुझे केसपेपर घेऊन तुझ्यासोबत बसेल. बसली. तासाभरात तिने मिनिटामिनिटाची नोंद उलगडून दाखवली. मी तोवर असं धरून चालले होते की मी उशिरा फोन केला म्हणून तसं झालं. कागदावर फोनची वेळ होती, अँब्युलन्सची वेळ होती. माझ्या हातून काहीही उशीर झालेला नव्हता. त्यानंतर मला वाईट स्वप्नं पडायची पूर्ण थांबली असं नाही, पण त्यांतून मी गुन्हेगार म्हणून उठत नाही.

भारतात असे पेपर मिळतात का?

कलम_कागद
मिळतात. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात आणि त्या तीन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. नुसता डिस्चार्ज कार्डाचा कागद घेऊन परत येऊ नका, इनडोअर केस पेपरची, म्हणजे दाखल असतानाच्या सगळ्या नोंदींची, पूर्ण प्रत मागा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

विषय निघालाच आहे तर रजेचंही सांगतो, कारण नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असताना कोण कसं सावरणार? २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना ठाऊक असते. पण पूर्वी मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १० मध्ये असलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आलेल्या तरतुदीनुसार गरोदरपणामुळे किंवा प्रसूतीमुळे आलेलं आजारपण, मुदतपूर्व प्रसूती किंवा गर्भपात असेल तर त्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मागता येते. गर्भपातासाठी सहा आठवडे वेगळे आहेत. बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०२२ पासून ६० दिवसांची विशेष रजा आहे. एचआरवाले स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

कोकमसरबत
या जादा महिन्याच्या रजेबद्दल आज पहिल्यांदा कळतंय. बहिणीला पाठवलं.

शेवंता
आता लिहिते.

मला जुळी होती. तेहतिसाव्या आठवड्यात दोघं जन्मली, एक चौथ्या दिवशी गेला. दुसरा आहे, चार वर्षांचा, आत्ता शेजारी पाय पसरून झोपलाय. लोक आले ते एकाच वेळी सांत्वन आणि अभिनंदन करायला. त्यांचा चेहरा कोणता ठेवायचा हे त्यांनाच कळत नव्हतं. शेवटी बहुतेकांनी सोपा मार्ग घेतला, "एक तरी हाती लागला ना." बारशाला एकच पाळणा सजवला. माझी आई सोडून गेलेल्या बाळाचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. नाव ठेवलेलं होतं आम्ही.

दूध मात्र दोघांपुरतं यायचं. हे कसं सांगू, शरीराला बातमी कळलेलीच नव्हती. आमच्या हॉस्पिटलात मानवी दुग्धपेढी होती. मुंबईत सायन हॉस्पिटलात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली, तिच्या पावलावर पाऊल टाकून नंतर बऱ्याच ठिकाणी झाल्या, त्यांतलीच एक. तिथल्या ताईंनी काहीही न सुचवता फक्त विचारलं, "द्यायचंय का?" मी रोज द्यायला लागले. स्टीलचा ग्लास, त्यावर नाव-तारखेची चिठ्ठी. कोणाच्या पोटात गेलं माहीत नाही. त्या खोलीत मी दोन मुलांची आई होते, आणि तिथे त्यावर कोणी वाद घालत नव्हतं.

मी सावरले का? हसते, नोकरी करते, भांडते. दोघांच्या वाढदिवसाला दोन दिवे लावते आणि ज्याला पटत नाही त्याने त्या दिवशी आमच्याकडे येऊ नये, असं सांगून टाकलंय. "तू किती स्ट्राँग आहेस" असं कोणी म्हटलं की मला आता रागच येतो. ते म्हटल्यावर पुढे रडायची सोय उरत नाही.

इंद्रायणीकाठ
शेवंता, शेवटचं वाक्य अगदी खरं. तुझ्या दोन्ही मुलांना आशीर्वाद.

नागपूरची काकू
शेवंता बेटा, दोन दिवे लाव. जो बोलेल त्याला माझ्याकडे पाठव.

आणि सगळ्यांनी माझ्यावर तुटून पडण्याआधी माझा मुद्दा पुरा करते. काम केल्याने मन सावरतं हे मी अजूनही म्हणते. पण तेव्हा माझी मोठी जाऊ रात्री बाळाला आपल्या कुशीत घेऊन झोपायची. पाजायला तेवढं आणून द्यायची, पुन्हा घेऊन जायची. सहा महिने तिने हे केलं. मला रात्रीची झोप होती म्हणून दिवसा काम सुधरायचं. आताच्या पोरी दोन खोल्यांत एकट्या, रात्रभर जागतात आणि सकाळी लॅपटॉप उघडतात. त्यांना काम सांगण्याआधी झोप द्या, एवढं मला मान्य आहे.

कोकमसरबत
काकू, तुमच्या जाऊबाईंचा पत्ता द्या, आमच्या सोसायटीत निदान पाच घरांत गरज आहे :)

नागपूरची काकू
ऐंशीच्या आहेत आता. बोलावलं तर येतीलही, त्यांचा भरवसा नाही!

परिचारिका_ताई
मी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात सिस्टर आहे. आमच्याकडे आई पहिल्यांदा आत येते तेव्हा बाळाकडे बघतच नाही. मशीनकडे बघते. आकडे कमी-जास्त झाले की तिचा श्वास अडकतो. आम्ही आधी तिला हात धुवायला लावतो आणि दोन बोटं बाळाच्या तळपायाला टेकवायला सांगतो. मग बाळ स्थिर असेल तर कांगारू पद्धत. बाळाला टोपी, मोजे, लंगोट एवढंच. आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, मान एका कुशीला, वरून सुती कापडाने बांधायचं. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, तीही इनक्युबेटर अपुरे पडत होते म्हणून.

पूर्वी आम्ही बाळ पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबायचो. २०२१ मध्ये पाच देशांतला मोठा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटलही होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच कांगारू सुरू केलं तर मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. त्यासाठी आईला आत राहायला जागा द्यावी लागते, खाट द्यावी लागते. घरीच कांगारू सुरू केलेल्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी दिसली, असं हरियाणातल्या अभ्यासात आलंय. मी ते डोळ्यांनी पाहते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई, बाळ छातीवर आल्यावर अर्ध्या तासात आम्हालाच दटावते, "सिस्टर, हळू बोला, झोपलाय."

जागा कमी, स्टाफ कमी हे आहेच. पण आईला "भेटायला येणारी" समजून दाराबाहेर बसवणं आता बंद व्हायलाच हवं. मी आमच्या मीटिंगमध्येही हेच बोलते.

पुन्हा_एकदा
मी आत्ता दहाव्या आठवड्यात आहे. पहिल्या वेळी रानजाईसारखंच झालं होतं. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. दिवसातून दहादा बीपी मोजते. हे सोसायचं कसं?

औदुंबर
तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच भेटा आणि मागचे सगळे कागद दाखवा. पूर्वी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्यांना साधारण बाराव्या आठवड्यानंतर, सोळाव्याच्या आत, कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. त्याने पुन्हा होण्याची शक्यता घटते. ती डॉक्टरांनीच ठरवायची, आपल्या मनाने घेऊ नका. पुन्हा होईलच असं मुळीच नाही, बहुतेकींना होत नाही. बीपी किती वेळा मोजायचं हेही त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तेवढ्याच वेळा मोजा. आणि एका माणसाला घरी सांगा, फक्त एकाला.

रानजाई, तुम्हालाही एक: प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. घाबरू नका, पण दरवर्षी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासत जा.

रानजाई
सगळं दोनदा वाचलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या धाग्यातच मिळालं. अबोल यांची वही, लीड्सच्या मिडवाइफचा एक तास, दुग्धपेढीतल्या ताई, काकूंच्या जाऊबाई. जी जी सावरली तिच्याजवळ कोणीतरी काहीतरी अगदी ठोस केलेलं आहे. मी आजवर फक्त स्वतःच्या मनालाच दोष देत होते. घरच्यांना हा धागा वाचायला देणार आहे. केस पेपरचा अर्ज काल दिला, पोच घेतली. ईएमडीआर करणारे पुण्यात कोणी असतील तर औदुंबर, विचारपूस करून सांगाल का?

औदुंबर
नक्की. व्यक्तिगत निरोपात कळवतो.

मध्यरात्र
नवीन सदस्य आहे. वाचत होते, आत्ता लिहितेय कारण झोप नाही. माझी मुलगी आज सहा दिवसांची, एकोणतिसाव्या आठवड्यातली, ११०० ग्रॅम. मला काल डिस्चार्ज दिला. हॉस्पिटल घरापासून लांब, तिला काचेतून पाच मिनिटं दाखवतात. दूध फार कमी येतंय. उद्या काय विचारू तेवढं सांगा.

परिचारिका_ताई
दूध कमी येतंय म्हणून थांबू नका. दर दोन-तीन तासांनी काढा, रात्री एकदा तरी. ५ मिली आलं तरी ते तिच्यासाठी औषध आहे. हाताने कसं काढायचं ते वॉर्डातल्या सिस्टरकडून बघून घ्या. उद्या डॉक्टरांना हे विचारा: मी तिला हात कधी लावू शकते? कांगारू कधी सुरू करता येईल? मी आत किती वेळ थांबू शकते? आणि ती दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर करायची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी नेमकी कधी आणि कोण करणार? शेवटचं विसरू नका, इतक्या लहान बाळांना ती लागतेच.

अबोल
मिस्टरांना एक वही आणायला सांगा.

शेवंता
मुलीचं नाव ठेवलंय का? नसेल तर घरातल्या हाकेचं तरी ठेव आणि सिस्टरना तेच घेऊन बोलवायला सांग. आता थोडं खाऊन आडवी हो. उद्या परत आलीस की डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिही, आम्ही सगळ्या बघतोय.